दोघांपुरता युरोप

युरोपला मी गेले नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे ही बाई आता आयफेल टॉवरखाली उभी राहून काहीतरी बोलेल, अशी वाट बघत कुणी बसायला नको. आमचे हे जाऊन आले. मी सिंगापुरातच होते, यिशुनच्या आमच्या फ्लॅटमध्ये. तरी मंडळात जो तो विचारतो, “काय सुनेत्राताई, ऐन वेळी पाय मुरगळला म्हणे तुमचा?” पायबिय काही मुरगळला नव्हता. ते श्रीनिवासांनी पसरवलेलं आहे.

श्रीनिवास म्हणजे आमचे हे. हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत अकाउंट्सला होते, त्या वर्षी नुकतेच रिटायर झाले होते. मी घरी ट्यूशन घेते, ब्लॉकमधल्या पोरांना गणित शिकवते. एक मुलगा, अंकुर. तो बँकेत आहे, लग्न झालं आणि मरीन परेडला कोंडोत, महागड्या खाजगी सोसायटीत, राहायला गेला.

आम्ही सिंगापूरला आलो तेव्हा अंकुर पोटात होता. त्यानंतर घरात आम्ही दोघंच असे कधी राहिलोच नाही. सासूबाई सहा सहा महिने यायच्या. मग नणंदा आल्या, नणंदांच्या नणंदा आल्या, पुण्याच्या सोसायटीतले शेजारी आले. जो कुणी सिंगापूर-मलेशिया करायला निघेल त्याच्या हातात आमचा पत्ता. प्रत्येकाला सेंटोसा, प्रत्येकाला बर्ड पार्क, नाइट सफारी. मी इतक्या वेळा नेलंय की तिथल्या पोपटांनी मला आता नावाने हाक मारावी. सुट्टीत भारतात गेलो तरी तेच, महाबळेश्वरला दोन गाड्या भरून जायचं आणि येताना कुणाची तरी चप्पल विसरायची. फिरायला जाणं म्हणजे दहा माणसं, चार डबे आणि एकाचं पोट बिघडलेलं, एवढंच मला माहीत होतं.

आणि मग एकाएकी कुणी उरलं नाही. सासूबाई गेल्या, अंकुर गेला, ऑफिस गेलं. घरात दोन माणसं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ह्या माणसाशी बोलायला माझ्याजवळ काही नाही, आणि त्यांच्याजवळ तर त्याहून नाही. भांडण असतं तर बरं होतं, भांडणात निदान शब्द तरी येतात. मी विचारायचे, “भात वाढू?” ते म्हणायचे, “अर्धा.” झालं, संपलं जेवण. खाली कॉफीशॉपमध्ये जाऊन बसलो तरी ते पेपर उघडायचे आणि मी समोरच्या टेबलावरचे चिनी म्हातारा-म्हातारी बघत बसायचे. तीही दोघं कचाकचा भांडत असायची, मला त्यांचा हेवा वाटायचा.

तर अशातच एक दिवस मी चायनाटाऊनला गेले होते. तिथे त्या जुन्या इमारतीत एकाला लागून एक ट्रॅव्हल एजन्सीची दुकानं आहेत, काचेवर रंगीत कागद चिकटवलेले. एका काचेवर लिहिलेलं होतं, पॅरिस, ल्यूसर्न, व्हेनिस, रोम, फ्री अँड इझी. भाव वाचला आणि मला वाटलं, छपाईची चूक असणार. आत गेले. काउंटरला आयरीन नावाची चिनी मुलगी होती. तिने समजावून सांगितलं की ऑफ सीझन आहे म्हणून एवढं स्वस्त. विमानाचं तिकीट, चारही गावांत स्टेशनजवळचं साधं हॉटेल, सकाळचा नाश्ता आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला जायची आगगाडी. बाकी तुमचं तुम्ही बघायचं.

“टूर लीडर?” मी विचारलं.

“नो लीडर, आंटी. नो बस, नो फ्लॅग. यू टू ओन्ली.”

तुम्ही दोघंच. मी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. त्या पोरीने कागद पुढे सरकवला, त्यात अट होती की कमीत कमी दोन माणसं हवीत. दोन म्हणजे दोन. मला तिसरं कुणी नकोच होतं.

माझ्या डोक्यात काय होतं ते सांगते. मला पॅरिसचं काही पडलेलं नव्हतं. मला वाटलं, अनोळखी गावात रस्ता चुकला की माणसं बोलतात. भाषा येत नाही, नकाशा उलटा धरलेला, पोटात भूक, आणि बरोबर एकच माणूस. बोलणार नाही तर जाईल कुठे? पंधरा दिवस असे गेले तर कळेल तरी की ह्या लग्नात मुलाच्या शाळेपलीकडे आणि सासूबाईंच्या गोळ्यांपलीकडे काही शिल्लक आहे की नाही. नसेल तर नसेल. पण एकदा कळायला हवं होतं.

घरी येऊन सांगितलं. श्रीनिवास म्हणाले, “बघू.” त्यांचं ‘बघू’ म्हणजे नाही, हे मला तीस वर्षं ठाऊक आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांना धरूनच तिथे नेलं. आमचे सिंगापूरचे लाल पासपोर्ट झालेले, व्हिसाची कटकट नाही, मग घोडं अडलंय कुठे? त्यांनी निमूटपणे सही केली, डिपॉझिट भरलं. आयरीनने नकाशा दिला तो मी फ्रिजवर लावला. रोज भाजी काढताना व्हेनिस दिसायचं. मी ट्यूशनच्या पोरांवर ओरडणं बंद केलं होतं, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

जानेवारीत मंडळाचं हळदीकुंकू होतं. आणि तिथे मी माती खाल्ली. म्हणजे तेव्हा मला तसं वाटलं. उल्का शेजारी बसली होती. उल्का म्हणजे निशिकांतची बायको. निशिकांत आमच्या मंडळाचा खजिनदार, मोठ्या बँकेत आहे, कुणाचं डोहाळजेवण असो की कुणाची पाठवणी, हा माणूस वही-पेन घेऊन उभा. उल्का मनाने चांगली आहे, पण तिच्या कानात पडलं की ते सगळ्या सिंगापूरला कळलं. तिने विचारलं, “मार्चमध्ये आहेस ना इथे?” आणि मी तिळगुळाचा हात पुढे करून बोलून गेले, “नाही गं, आम्ही दोघं युरोपला चाललोय.”

पुढच्या आठवड्यात निशिकांतचा फोन. “वहिनी, ऐकलं आम्ही. आम्ही पण येतो.”

मी म्हटलं, “भाऊजी, ते दोघांचं पॅकेज आहे.”

“अहो, मग काय झालं? दोघांची दोन पॅकेजेस घेऊ. एकटे एकटे जाऊन काय मजा? आणि तिथे काही झालं तर? मी त्या पोरीशी बोललोय, दहा जण झाले तर भाव आणखी खाली येतो.”

मी माझ्या जिभेला लाख शिव्या घातल्या. श्रीनिवासांना म्हटलं, तुम्ही तरी नाही म्हणा. ते पेपरातून वर न बघता म्हणाले, “आता कसं म्हणणार? वाईट दिसेल.”

मग काय, वऱ्हाडच जमलं. निशिकांत-उल्का, त्यांच्यामागून सुबोध आणि विनीता, मग सुबोधच्या ऑफिसातली आणखी दोन जोडपी, पुण्याहून नवीन आलेली, ज्यांची नावं मला आजही नीट सांगता येणार नाहीत. एक रविवार सोडून एक रविवार मीटिंग. तीही आमच्याकडे, कारण मूळ कल्पना वहिनींची. मी कांदेपोहे करायचे आणि माझ्या युरोपचे तुकडे कसे पडतात ते बघायचे.

पहिला प्रश्न जेवणाचा. तो तर येणारच होता. सुबोधला तिथलं थंड सँडविच चालणार नाही. विनीताचे सोमवार. चहा आपल्या पद्धतीचा नाही मिळाला तर निशिकांतचं डोकं धरतं. मी म्हटलं, “अरे, पण आपण जातोय कशाला मग?” सगळे हसले, त्यांना वाटलं मी गंमत करतेय. शेवटी ठरलं की स्टेशनजवळची हॉटेलं रद्द करायची आणि गावाबाहेर किचन असलेली अपार्टमेंट घ्यायची. राइस कुकर निशिकांतच्या बॅगेत. कुकर एक पुरणार नाही म्हणून दुसरा आमच्या बॅगेत. पॅरिसमध्ये आमटी कोण करणार, व्हेनिसमध्ये पोळ्या कोण लाटणार, तेही वाटून झालं. माझ्याकडे पोळ्या आल्या. म्हणजे मी ज्या ओट्यापासून पळून निघाले होते तोच ओटा हे लोक पाण्यात बांधलेल्या त्या गावात माझ्यासाठी भाड्याने घेत होते.

श्रीनिवास त्या मीटिंगांना कसे बसायचे माहीत आहे? खुशीत. आमच्या जेवणाच्या टेबलावर ज्यांच्या तोंडून एक शब्द निघत नाही ते श्रीनिवास सुबोधला आगगाड्यांची वेळापत्रकं समजावून सांगत होते, हसत होते, निशिकांतच्या पाठीत धपाटा घालत होते. मला वाटलं, चला, उत्साह तरी आला. बायको म्हणून माणूस किती मूर्ख असतं बघा.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी खोल्या ठरल्या. निशिकांत म्हणाला, अपार्टमेंटला मोठमोठ्या खोल्या आहेत, तेव्हा सगळ्या बायका एकीकडे आणि सगळे पुरुष एकीकडे, म्हणजे स्वस्तही पडेल आणि मजाही येईल. पत्ते कुटायला मोकळे. लग्नघरात असतं तसंच, बायकांचं बिऱ्हाड वेगळं, पुरुषांचं वेगळं. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाला त्यात काही गैर वाटलं नाही, आणि का वाटावं? आपल्याकडे असंच तर जातात.

मी श्रीनिवासांकडे बघितलं. आता तरी हा माणूस काही बोलेल. पंधरा दिवसांतून निदान रात्रीचे दोन शब्द तरी माझे होते, बाकी सगळं गेलं तरी. श्रीनिवास म्हणाले, “उत्तम. मी खिडकीजवळ झोपणार.”

मी उठून स्वयंपाकघरात गेले. चहा टाकायचा होता. उल्का मागोमाग आली, कप मांडायला.

“सुनेत्रा, तुझा चेहरा का असा?” तिने विचारलं.

“काही नाही गं. मीच माती खाल्ली. त्या दिवशी तुला बोलले नसते तर आम्ही दोघंच गेलो असतो.”

“तू कुठे काय बोललीस? मीच मुद्दाम विषय काढला होता,” उल्का म्हणाली. “ह्यांना तर आधीच माहीत होतं. तुम्ही डिपॉझिट भरलंत ना, त्याच आठवड्यात श्रीनिवास भाऊजींचा फोन आला होता ह्यांना. म्हणाले, निशिकांत, तुम्ही दोघं बरोबर या बाबा, नाहीतर पंधरा दिवस हिच्याबरोबर एकटा काय करू मी? आम्ही इतके हसलो. आणि हे खोल्यांचंसुद्धा त्यांनीच सुचवलंय ह्यांना. पुरुष म्हणजे लहान मुलं असतात बाई अगदी.”

तिने हे सगळं गमतीत सांगितलं, वाईट मनाने नाही. साखरेचा डबा तिच्या हातात होता. माझ्या हातात गाळणं होतं आणि मी ते तसंच धरून उभी राहिले. म्हणजे त्या बाहेरच्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं की माझ्या नवऱ्याला माझ्याबरोबर एकट्याने राहायची धास्ती आहे. ज्यांची नावं मला येत नव्हती त्या पोरापोरींनासुद्धा माहीत असणार. आणि मी त्यांना पोहे वाढत होते, वर ‘आणखी घ्या ना’ म्हणत होते. मग मी चहा गाळला, ट्रे उचलला आणि सगळ्यांना दिला. निशिकांतला बिनसाखरेचा.

ती मंडळी गेली. श्रीनिवास खुर्च्या जागेवर लावत होते, शीळ घालत.

“तुम्ही निशिकांतला फोन केला होतात?” मी विचारलं.

“कधी?”

“डिपॉझिट भरल्यावर.”

त्यांची शीळ थांबली. खुर्ची तशीच हातात. खोटं बोलतील असं मला वाटलं, आणि खरं सांगते, खोटं बोलले असते तर मी मान्य करून टाकलं असतं. पण ते म्हणाले, “हो. केला होता.”

“का?”

ते खुर्चीवर बसले. “घाबरलो मी, सुनेत्रा. आपण दोघं काय बोलणार गं पंधरा दिवस? इथे टीव्ही आहे, पेपर आहे. तिथे तू सकाळ-संध्याकाळ माझ्यासमोर बसणार आणि मी काहीतरी बोलेन म्हणून वाट बघणार. मला दिसतो तुझा चेहरा. परीक्षेला बसवल्यासारखं होतं मला.”

“मग हे मला सांगायचं होतंत. साऱ्या जगाला सांगितलंत.”

“तुला सांगायला गेलो असतो,” ते म्हणाले, “तर मग त्यावर बोलावं लागलं असतं.”

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मला तो नकाशा फ्रिजवरून ओढून त्यांच्या अंगावर फेकावासा वाटला. आणि त्याच वेळी, काय सांगू, मला त्यांची कीव पण आली. कारण मला तरी कुठे माहीत होतं काय बोलायचं ते? धास्ती मलाही होती. फक्त मी तिला घेऊन त्यांच्याबरोबर जायला निघाले होते, आणि ते तिला घेऊन निशिकांतकडे गेले.

“मी येत नाही,” मी म्हटलं.

हे मी का म्हटलं, ते कुणालाही कळेल. मला घरी राहायचं नव्हतं. मला त्यांनी म्हणायला हवं होतं की तू नाही तर मीही नाही. म्हणजे सगळं पुन्हा दोघांवर आलं असतं. व्हेनिस नाही तर यिशुन, पण दोघांवर. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले. त्यांनी टेबलावर सांडलेले पोह्यांचे कण एका बोटाने गोळा केले.

“नक्की?” त्यांनी विचारलं.

त्या एका शब्दात त्यांची सुटका मला ऐकू आली. शाळा सुटल्यावर पोरं दप्तर उचलतात ना, तसा आवाज होता.

“नक्की,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

दुसऱ्या दिवशी मी स्वतः चायनाटाऊनला जाऊन आले. तिकिटं अजून निघालेली नव्हती, नाव बदलता येत होतं. बायकांच्या खोलीतली एक बाई कमी झाली, तिथे उल्काची बहीण क्षिप्रा गेली, इतकं सोपं होतं ते. नवऱ्याशेजारची जागा असती तर अशी भरता आली नसती. आयरीनला कळलं नाही. ती पुन्हा पुन्हा विचारत होती, “बट आंटी, यू ब्रिंग ऑल दीज पीपल, व्हाय यू नॉट गोइंग?” मी म्हटलं, पाय दुखतोय. बहुधा तिथूनच श्रीनिवासांना ती युक्ती मिळाली.

अंकुरला फोन केला. तो म्हणाला, “आई, यू वॉन्टेड धिस सो मच. बाबा ऑल्वेज लाइक दॅट वन, व्हॉट टू डू. यू जस्ट गो ला.” मी म्हटलं, बरं बाळा. आईबापांचं मुलांना सांगून काय उपयोग? त्याचं त्याला पुरे आहे.

मार्चमध्ये ते गेले. कुकर मी भरून दिला. मसाल्याच्या पुड्यांवर नावंसुद्धा लिहून दिली, नाहीतर गोडा मसाला म्हणून तिखट घालतील. चांगी विमानतळावर सोडायला गेले नाही.

दोन दिवसांनी फोन वाजला. संध्याकाळची शेवटची ट्यूशन संपली होती. पॅरिसहून श्रीनिवास होते. म्हणाले, निशिकांतने एक फोनकार्ड घेऊन दिलंय, भरपूर मिनिटं आहेत, म्हटलं पोचलो ते सांगावं. मी म्हटलं, बरं झालं. आता ठेवतील म्हणून मी वाट बघितली. त्यांनी ठेवला नाही.

“इथे ना,” ते म्हणाले, “पहाटे रस्ते धुतात. पाणी सोडतात फूटपाथच्या कडेने. मी एकटाच उठून खाली गेलो होतो. एक माणूस हिरव्या झाडूने ते पाणी ढकलत होता.”

“बरं,” मी म्हटलं.

“मला आमच्या गल्लीतला सडा आठवला. आईचा.”

तीस वर्षांत ह्या माणसाने मला त्यांच्या गल्लीतला सडा सांगितलेला नव्हता. मी फोन घट्ट धरून स्टुलावर बसले.

त्यानंतर रोज फोन. त्यांची दुपार, माझी संध्याकाळ. ते त्या सगळ्यांना सोडून एखाद्या बूथमध्ये जाऊन उभे राहायचे. ल्यूसर्नचा लाकडी पूल सांगितला, त्याच्या छताखाली रंगवलेली चित्रं सांगितली. हंस किती घाण करतात ते सांगितलं. क्षिप्रा किती बडबडते ते सांगितलं आणि मी हसले, इतकी हसले की शेजारच्या मलय बाईने दारातून डोकावून बघितलं. व्हेनिसला ते खरंच रस्ता चुकले, एकटेच, आणि एका पायरीवर बसून राहिले. ते म्हणाले, “मला भीती नाही वाटली. मी विचार करत होतो की हे तुला कसं सांगायचं.” मग त्यांनी त्यांच्या वडिलांचं सांगितलं. वडील गेल्याची तार आली तेव्हा श्रीनिवास ऑफिसात होते आणि बाथरूमचं दार लावून रडले होते, आणि घरी येऊन मला फक्त एवढंच म्हणाले होते की बॅग भर. मला ते आठवत होतं. मी त्या वेळी मनात म्हटलं होतं, ह्या माणसाला काळीज आहे की दगड.

मग मीही बोलायला लागले. माझ्या कॉलेजचं, मला एम.एस्सी. करायचं होतं त्याचं, सासूबाईंच्या शेवटच्या महिन्यांत मला त्यांचा किती राग यायचा त्याचं. ते ऐकायचे. मध्ये विचारायचेसुद्धा, “मग?” त्यांनी मला ‘मग’ म्हणून विचारावं, ह्यासाठी मी काय काय केलं होतं इतकी वर्षं. मी संध्याकाळच्या ट्यूशन हलवल्या. चार वाजल्यापासून कान फोनकडे. ह्या वयात असं बसायला लाज वाटत होती, पण बसत होते.

मला वाटलं, मिळालं. मार्ग वेगळा निघाला, पण मिळालं. न जाऊन मी जे केलं ते जाऊन झालं नसतं, म्हणजे बरंच झालं.

ते परत यायचे त्या दिवशी मी अळूवडी केली, त्यांना आवडते म्हणून. चांगली साडी नेसले आणि चांगीला गेले. सगळे बाहेर आले, उल्काने गळ्यात पडून “तुझी फार आठवण काढली गं” म्हटलं, निशिकांतने पायाची चौकशी केली. श्रीनिवास जरा वाळले होते, गालावर उन्हाचा रंग आला होता. माझ्याकडे बघून ते हसले. मला लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांसारखं झालं.

आम्ही टॅक्सीत बसलो. दोघंच. मी थोडा वेळ थांबले, म्हटलं माणूस दमलाय. टॅक्सी हायवेला लागली. ते खिडकीबाहेर बघत होते, त्याच झाडांकडे, जी त्यांनी इतकी वर्षं बघितली आहेत. मी सरकून जरा जवळ बसले.

“अहो,” मी म्हटलं, “शेवटच्या दिवशी रोममध्ये काय केलंत?”

“सांगितलं की फोनवर,” ते म्हणाले.

“ते थोडंच. कार्ड संपलं ना मध्येच.”

“मग तेवढंच होतं.” ते जांभई देत म्हणाले, अगदी साध्या आवाजात, चिडून नाही, टाळून नाही. त्यांच्या दृष्टीने ते खरंच सांगून संपलं होतं. माझा चेहरा त्यांच्या समोर आला होता आणि परीक्षा सुरू झाली होती. मी खिडकीकडे तोंड फिरवलं, म्हणजे त्यांना माझा चेहरा दिसायला नको. तरी ते बोलले नाहीत.

घरी जेवायला बसलो. अळूवडी चांगली झाली होती. मी विचारलं, “भात वाढू?” ते म्हणाले, “अर्धा.” त्यांनी टीव्ही लावला.

मी रडले नाही. मला राग आला, आणि राग कुणावर काढायचा ते कळेना. रात्री त्यांच्याशेजारी पडून मी त्यांचा श्वास ऐकत होते आणि मला व्हेनिसमधला तो पायरीवर बसलेला माणूस हवा होता. तो माझा नवरा होता. हा कोण होता मला माहीत नाही. त्या माणसाला भेटायचं तर ह्याला घरात ठेवून चालणार नाही, एवढं मला सकाळपर्यंत कळलं होतं.

दहा वाजता दुकान उघडतं. मी आयरीनला फोन लावला. म्हटलं, आणखी काही आहे का, स्वस्तातलं, दोन-तीन गावांचं, निदान पंधरा दिवसांचं? ती खूश झाली. लिस्बन, माद्रिद, बार्सिलोना आहे म्हणाली, मग विचारलं, “हाऊ मेनी पॅक्स, आंटी?”

“एकच माणूस,” मी म्हटलं.

ती म्हणाली, एकट्याला महाग पडतं, खोलीचे दुप्पट पैसे लागतात. मी म्हटलं, लागू देत. तेव्हा तिचा आवाज एकदम मऊ झाला. तिला वाटलं, आंटीने शेवटी धीर केला.

“गुड, आंटी. धिस टाइम यू गो. फॉर युवरसेल्फ.”

“मी नाही,” मी म्हटलं. “माझ्या नवऱ्याचं नाव लिही.”